एलईडीखालची करपलेली टोके

घरातल्या रॅकवर एलईडी लावून लेट्यूस, तुळस, पालक पिकवणाऱ्या मंडळींत एक मत आता सूत्रासारखे रूढ झाले आहे: एलईडीखाली झाडांना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त लागते. कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी पडल्या की ‘कॅल-मॅग’ची बाटली उघडायची, फरक पडला नाही तर मात्रा वाढवायची. हे मत मला चुकीचे वाटते. मात्र त्यामागचा युक्तिवाद पोकळ नाही, म्हणून तो आधी नीट मांडायला हवा.

पूर्वपक्ष असा. जुने पिवळे सोडियम दिवे पुष्कळशी उष्णता किरणांच्या रूपात थेट पानांवर टाकत. एलईडीची उष्णता बहुतांशी दिव्याच्या पाठीवरच्या ॲल्युमिनियममधून हवेत निघून जाते, त्यामुळे पान थंड राहते. थंड पानातून बाष्पोच्छ्वास कमी होतो. कॅल्शियम तर जलवाहिन्यांतून, पाण्याच्या ओघाबरोबरच वर चढते. ओघ मंदावला की ते कमी पोचते. सबब पाण्यात ते वाढवा.

साखळीची पहिलीच कडी कच्ची आहे. यूटा स्टेट युनिव्हर्सिटीतील जेकब नेल्सन आणि ब्रूस बगबी यांनी 2015 साली नेमका हाच प्रश्न हाती घेतला. उघड्यावरचे ऊन, काचगृहातले ऊन, सोडियम दिवा आणि एलईडी या चारही ठिकाणी पानावर किती प्रारण पडते ते मोजून त्यांनी पानाच्या तापमानाचा हिशेब केला. झाडाला पाण्याची ददात नसेल, तर चारही प्रकाशांत पान हवेच्या तापमानापासून साधारण 2 अंशांच्या आतच राहते, असे आढळले. एलईडीखाली पान थोडे थंड असते हे खरे, पण समजतात तितके नाही. दिवा कोणता यापेक्षा पानातून पाणी किती उडते, याचा परिणाम कितीतरी मोठा.

तरी वादापुरते ते 2 अंश पूर्वपक्षाला देऊन टाकू. हवा 24 अंश आणि आर्द्रता 60 टक्के असेल, तर हवेत सुमारे 1.79 किलोपास्कल बाष्पदाब असतो. पानही 24 अंशांवर असेल तर त्याच्या आतला दाब 2.98, म्हणजे तूट 1.19. पान 22 अंशांवर असेल तर तूट 0.85. फरक उपेक्षणीय नाही. पण तो पडला पानाच्या तापमानामुळे, आणि भरून काढता येतो हवेतच: आर्द्रता सुमारे 49 टक्क्यांवर आणा, तूट पूर्ववत होते. पाण्यातले क्षार वाढवून तुटीचा आकडा तसूभरही हलत नाही.

आता करपण्याकडे येऊ. लेट्यूसची टोके करपणे हे एलईडीचे अपत्य नाहीच. जपानमध्ये गोतो आणि ताकाकुरा यांनी गड्ड्याच्या आतल्या पानांवर नळीने हवा सोडून हे करपणे थांबवता येते, असे 1992 साली दाखवले होते. शुजी नाकामुरा यांचा प्रखर निळा एलईडी आला 1993 मध्ये, आणि पांढरा त्याच्याही नंतर. ज्या दिव्यावर खापर फोडायचे, तो बाजारात यायच्या आधीच रोग ओळखीचा होता आणि त्यावरचा उपायही छापून आला होता. तो उपाय काय होता? निव्वळ वारा.

वाऱ्याने काम होते, कारण तुटवडा पाण्यात नसून वाहतुकीत असतो. कॅल्शियम एकदा पानात बसले की रसवाहिन्यांतून दुसरीकडे जवळजवळ जात नाही. जुन्या पानांकडून नव्यांना उसनवारी नाही. बाहेरची पसरट पाने उजेडात भरपूर पाणी उडवतात, म्हणून पाण्याचा ओघ आणि त्यातले कॅल्शियम त्यांच्याकडे वळते. आतली मिटलेली पाने दमट कोंडीत असतात. त्यांच्यातून पाणी उडत नाही, म्हणून ती उपाशी राहतात. अशा झाडाच्या बाहेरच्या पानांत कॅल्शियम मुबलक असते आणि तेच झाड आत करपलेले असते.

आतल्या पानांना दुसरा मार्ग मिळतो रात्री. बाष्पोच्छ्वास थांबला की मुळांचा दाब पाणी वर ढकलतो आणि ते आतल्या पानांपर्यंतही पोचते. अळूच्या पानाच्या टोकावरून पहाटे टपकणारे थेंब याच दाबाचे. म्हणून दिवसा मध्यम कोरडी हलती हवा आणि रात्री दमट अंधार, ही जोडी लेट्यूसला मानवते. चोवीस तास दिवे चालू ठेवणारे हौशी लोक ही रात्रच काढून घेतात आणि मग बाटलीत उपाय शोधतात.

बाटली इथे नुसती निरुपयोगी नाही, प्रसंगी घातक आहे. क्षार वाढले की द्रावण घट्ट होते, मुळांना पाणी ओढणे जड जाते आणि रात्रीचा दाबही घटतो. शिवाय मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि अमोनियम मुळाशी कॅल्शियमशी स्पर्धा करतात. एकाच घोटात दोन्ही पाजणे म्हणजे पाहुण्याबरोबर त्याचा प्रतिस्पर्धीही त्याच दारातून आत ढकलणे. मग अनेकांना गुण येतो तो कशाने? कॅल-मॅगमधले कॅल्शियम बहुधा कॅल्शियम नायट्रेटच्या रूपात असते, आणि त्या खतात 15.5 टक्के नत्र असते. फिकट झाड नत्राने हिरवेगार होते आणि श्रेय कॅल्शियमला जाते. करपलेली कड तर कशानेही परत हिरवी होत नाही.

एलईडीने खरोखर काही बदलले असेल, तर ते उजेडाचे माप. दोन-अडीच हजार रुपयांच्या एलईडी पट्टीतूनही पूर्वी परवडत नव्हता इतका प्रकाश वीतभर अंतरावर आणता येतो, आणि तो किती पडतो हे बहुतेकांना ठाऊक नसते. वॅटचा आकडा इथे फसवा. चांगला 100 वॅटचा दिवा सेकंदाला सुमारे 250 मायक्रोमोल प्रकाशकण देतो. ते चौरस मीटरभर पसरले तर तीव्रता फार तर 250. तेच 60 सेंटीमीटर लांब-रुंद फळीवर कोंडले तर 690च्या घरात. कॉर्नेल विद्यापीठाच्या नियंत्रित शेतीच्या कामात लेट्यूससाठी दिवसाला चौरस मीटरमागे 17 मोल प्रकाश हे लक्ष्य ठरले, आणि करपणे टाळायला त्यासोबत वरून पंख्याचा झोतही लागला. 300 मायक्रोमोल 16 तास दिले की ही मर्यादा गाठली जाते. त्यापुढे पाने कॅल्शियम पोचण्याच्या आधीच वाढत सुटतात. (पांढऱ्या एलईडीखाली मोबाइलवर दिसणारे लक्स 70ने भागले की मायक्रोमोलचा कामचलाऊ अंदाज मिळतो, जांभळ्या दिव्याखाली हे गणित चालत नाही.)

पूर्वपक्षाला दोन-तीन गोष्टी मोकळेपणाने द्यायला हव्यात. आरओचे पाणी वापरणाऱ्याच्या द्रावणात कॅल्शियम मुळातच नसते. ते घालावेच लागते, दिवा कोणताही असो. न धुतलेले कोकोपीट कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवते आणि बदल्यात पोटॅशियम, सोडियम सोडते. तिथेही पहिले काही आठवडे ते लागते. उलट दख्खनच्या काळ्या खडकातले बोअरवेलचे पाणी बहुधा या दोन्ही क्षारांनी आधीच जड असते. तिथे बाटली ओतण्याआधी पाणी तपासलेले बरे.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. दमट हवेत झाड तेवढ्याच वाढीसाठी कमी पाणी पिते. समजा, एक किलो सुक्या वजनामागे 300 लिटरऐवजी 200 लिटर पाणी गेले, तर तेवढेच अन्न पोचवायला द्रावण दीडपट घट्ट हवे. बगबी यांची खतांचा ताळेबंद मांडण्याची पद्धत हेच सांगते. मुंबईच्या जुलैत 27 अंश आणि 88 टक्के आर्द्रतेला तूट जेमतेम 0.43 किलोपास्कल उरते. एसीच्या खोलीत 24 अंश आणि 50 टक्क्यांना ती 1.49 असते. एकच द्रावण दोन्हीकडे चालणार नाही. पण इथे वाढवायचे ते सगळे अन्न, योग्य प्रमाणात. दोनच क्षार उचलून नव्हे. शिवाय पावसाळ्यात आधी पंखा लावावा, उजेड थोडा उतरवावा आणि मगच खताला हात घालावा.