गोधडीतील शेत

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, सनदा, बखरी आणि सरकारी दप्तरे डोळ्यांपुढे येतात. घडवंचीवर घडी करून ठेवलेली गोधडी कुणालाच आठवत नाही. युरोप-अमेरिकेत मात्र गोधडी कलादालनात जाऊन पोहोचली आहे. दूरच्या समुद्रातील एकाकी बेटे, त्यांचे कडे, धुके, फेसाळ लाटा हे सारे कापडाच्या तुकड्यांतून जुळवून तिकडच्या स्त्रिया भिंतीवर टांगण्याच्या गोधड्या शिवतात. पांघरण्याशी त्यांचा संबंध उरलेला नाही. काम देखणे असते, यात शंका नाही. परंतु भूमीचे दृश्य ठिगळांत आणण्याची कल्पना नवी आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी विनयपिटक उघडून पाहावे.

भगवान बुद्ध दक्षिणगिरीकडे जात असता त्यांनी मगधातील शेते पाहिली. बांधांनी आखलेली, चौकोन-चौकोनांची. भिक्षूंची चीवरे अशी करता येतील काय, असे त्यांनी आनंदाला विचारले. आनंदाने तुकडे जोडून तशी चीवरे शिवून दाखविली आणि बुद्धांनी त्याची वाखाणणी केली. शेताच्या बांधाप्रमाणे चीवरालाही लांब-आखूड पट्ट्या आल्या. तुकड्यांच्या त्या वस्त्राची चोराला हाव सुटत नाही, हाही त्याचा एक गुण मानला गेला. गोधडी चोरीला गेल्याची तक्रार पोलीस ठाण्यात आमच्याकडेही कुणी नोंदविल्याचे ऐकिवात नाही! अडीच हजार वर्षे भिक्षू मगधातले शेत अंगावर वागवीत आहेत.

आमच्या पांढुर्णा-सौंसर भागातील बायांनी शेत पाहून टाका घातला, असा दावा मी करणार नाही. पण कपाशीच्या तासांसारख्या सरळ जाणाऱ्या टाक्यांच्या ओळी आणि मध्येच तुरीच्या ओळीसारखा आडवा येणारा लुगड्याचा काठ पाहिला, की सातपुड्याच्या पायथ्याचे काळे रान आठवल्यावाचून राहत नाही. खाली-वर जुने नऊवारी लुगडे, मध्ये विरलेली धोतरे, फाटके सदरे. नवे कापड घेऊन कुणी गोधडी शिवीत नसे. ज्यांच्या अंगावर अशीच ठिगळे असत त्या गाडगेबाबांना वऱ्हाडात लोक गोधडेबुवा म्हणत, यातच तिचा दर्जा कळतो.

तरी तिच्यामागचा इतिहास लहान नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस अडला आणि विलायतेतील गिरण्यांचे डोळे नागपूर-वऱ्हाडच्या कापसाकडे वळले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला आली, १८७७ मध्ये तेथे एम्प्रेस मिल सुरू झाली. कोष्ट्यांच्या मागावरच्या कापडाशेजारी गिरणीचे कापड घरात आले आणि जुने होऊन दोन्ही एकाच गोधडीत शिवले गेले.

त्या युद्धाने जे गुलाम मुक्त झाले त्यांचे वंशज अलाबामा राज्यातील गीज बेंड या वस्तीत राहतात. तीन बाजूंनी नदी, म्हणजे जवळजवळ बेटच. येथील काळे लोक मताचा हक्क मागू लागले तेव्हा, १९६२ मध्ये, पलीकडे नेणारी नावच बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडले. या वस्तीत १९४२ मध्ये मिसूरी पेटवे या बाईने आपल्या मृत पतीच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. मातीत गुडघे टेकून झिजलेले ते कापड! २००२ मध्ये गीज बेंडच्या गोधड्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात लागल्या, तेव्हा समीक्षकांना त्यांत आधुनिक चित्रकला दिसली. मला त्यात कापूसवेचणी दिसते.

आमचे दप्तर मात्र कोण ठेवणार? १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. नागपूरचा बाजार तोच, सोयरिकी त्याच, कागद मात्र भोपाळचे झाले. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा सौंसर तहसील त्यात आली. उद्या नव्या जिल्ह्याचा गॅझेटियर निघेल. त्यात संत्री, कापूस आणि जाम नदीवरची गोटमार येईल. आजीच्या हातचे काम येईल, याची मला खात्री नाही.

आणि वेळ थोडा आहे. सुती लुगडी संपत आली. नायलॉनच्या साडीवर टाका सरकतो, घाम शोषला जात नाही. दुकानात तयार ब्लँकेट स्वस्त मिळते. म्हणून मी आमच्या शाळेतील मुलांना एक स्वाध्याय दिला: घरची जुनी गोधडी उन्हात पसरायची, आजीजवळ बसायचे आणि कोणते ठिगळ कुणाचे ते वहीत लिहून आणायचे. पहिल्या आठवड्यात सतरा वह्या आल्या. एका मुलीने लिहिले आहे: निळे आजोबांच्या सदऱ्याचे, हिरवे आत्याच्या लग्नातल्या लुगड्याचे, आणि मधले पांढरे कुणाचे ते आजी सांगत नाही.