नगर-मनमाड रस्ता आणि डिझेलवरचा अविश्वास

मंडळी, नागापूरच्या एमआयडीसीत बसून डिझेलचा इतिहास सांगायचा तर फार लांब जावं लागत नाही. बाहेरचा हा मनमाड रस्ता धरायचा. राहुरी, शिर्डी, कोपरगाव, येवला करत आपण मनमाडला पोचतो. तिथे जवळच पानेवाडी आहे. तेल कंपन्यांचे मोठे डेपो तिथे आहेत. मुंबईहून पाइपलाइनीने इंधन येतं आणि टँकर भरभरून बाहेर पडतात.

स्पेअर पार्टच्या दुकानात आपण सगळ्यांनीच त्या रंगीत बाटल्या पाहिल्यात. टाकीत ओता, अ‍ॅव्हरेज वाढेल, धूर कमी होईल! आम्हाला विचाराल तर ही बाटली खपते ती रसायनशास्त्रापेक्षा अविश्वासावर. पंपावर मिळालं ते डिझेलच आहे का, ही शंका आपल्या मनात मुरलेली आहे.

शंका उगाच नाही. २०११ च्या सुरुवातीला रेशनचं रॉकेल लिटरला बारा-तेरा रुपये होतं आणि डिझेल चाळिशीच्या आसपास. रॉकेल डिझेलमध्ये सहज मिसळतं, इंजिनही चालू राहतं. लिटरमागे पंचवीस रुपये नुसते पडलेले, उचलायला माणसं येणारच. रेशनच्या रॉकेलला निळा रंग होता. २००६ मध्ये त्यात मार्कर टाकायला सुरुवात झाली, म्हणजे भेसळ चाचणीत पकडता यावी असं रसायन. ती योजना दोन-तीन वर्षांतच गुंडाळली गेली.

आणि मग २५ जानेवारी २०११. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाडजवळून जात होते. पानेवाडीच्या परिसरात एका ढाब्यापाशी त्यांना भेसळीचा संशय आला. ते थांबले, मोबाइलवर चित्रण करू लागले. त्यांना तिथेच पेटवून दिलं गेलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. राज्यभर सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवलं, छापे पडले, तपास पुढे सीबीआयकडे गेला. ज्या रस्त्याने आपला माल जातो, त्याच रस्त्याच्या टोकाची ही गोष्ट आहे.

छाप्यांनी रॉकेलची भेसळ थांबली का? आमच्या मते तिचा कणा मोडला तो भावाने. २०१६ पासून रेशनच्या रॉकेलचे दर पंधरवड्याला थोडे थोडे वाढवत नेले, घरोघर गॅस आला, रॉकेलचा कोटा आटत गेला. फरकच उरला नाही तर मिसळायचं कशाला? हे सोनवण्यांच्या हयातीत करता आलं असतं, असं म्हणणं आज सोपं आहे. पण स्वस्त रॉकेलवर किती चुली आणि चिमण्या चालत होत्या, तेही विसरू नये.

दुसरा बदल रिफायनरीत झाला. एकेकाळी आपल्या डिझेलमध्ये गंधक १ टक्क्यापर्यंत चालायचं, म्हणजे दहा लाख भागांत १०,००० भाग. २०१० अखेर ही मर्यादा पुण्यात ५० आणि आपल्या नगरमध्ये ३५० होती. एकशेवीस किलोमीटरवर डिझेल वेगळं! एप्रिल २०२० पासून देशभर १०. आता यातली गंमत बघा. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधले नैसर्गिक वंगण देणारे घटकही निघून जातात. पंप आणि इंजेक्टर तर डिझेलच्याच वंगणावर चालतात. म्हणून तो गुण देणारं अ‍ॅडिटिव्ह नंतर वेगळं मिसळावं लागतं. म्हणजे बाटलीत जे विकलं जातं, त्यातलं काही तुमच्या टाकीत आधीच असतं.

जुन्या ऑइल इंजिनाने काहीही पचवलं. ‘थोडं रॉकेल टाकलं की गाडी हलकी पळते,’ असं सांगणारे मेकॅनिक आम्ही पाहिलेत, आणि त्या काळात त्यांचं निभावलंही. कॉमन रेलच्या इंजेक्टरमध्ये दाब दीड-दोन हजार बारचा आणि फट मायक्रॉनमध्ये मोजायची. तिथे रॉकेलचं पातळपण थेट धातू खातं.

श्रोत्यांपैकी कुणीतरी मघाशी विचारलं, मग बाटली घ्यायची की नाही? बाटली रॉकेल वेगळं काढत नाही आणि पाण्यासाठी फिल्टरच लागतो. त्याआधी पंपावर घनता तपासून मागा, तो आपला हक्क आहे. अर्ध्या लिटरचा जार, हायड्रोमीटर, थर्मामीटर आणि तक्ता पंपावर असावाच लागतो. आलेला आकडा १५ अंशांवर आणून टँकरच्या चलनावरच्या घनतेशी ताडायचा. घनमीटरला ३ किलोपेक्षा जास्त फरक चालत नाही. थोडी भेसळ यातूनही निसटते, पण जार मागितल्यावर पंपावरचा माणूस काय करतो, तेही बघण्यासारखं असतं.