भिंत आणि बारीक तार : एका घरगुती शास्त्राची प्रस्तावना

उज्जैनच्या वेधशाळेत सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधवलेलं दक्षिणोत्तर भित्तियंत्र आहे. अगदी उत्तर-दक्षिण रेषेत उभी केलेली ही भिंत. दुपारी सूर्य याम्योत्तर वृत्तावर आला की खुंटीची सावली तिच्यावर आखलेल्या अंशांवर पडते आणि सूर्य डोक्यावरून किती कलला आहे ते वाचता येतं. १९२३ साली माधवराव शिंद्यांनी या वेधशाळेची दुरुस्ती करवली, म्हणून तिथली यंत्रं आजही वापरता येतात. भिंतीकडून माहिती घेण्याची एवढी जुनी सवय असलेल्या शहरातल्या वाचकाला या विषयात बोलावताना मला मनापासून आनंद होतो. विषय तसा घरगुती आहे : टेलिफोन, इंटरनेट, टीव्ही, दारावरची कमी व्होल्टची घंटी आणि कॅमेरा यांच्या बारीक तारा घरात कशा फिरवायच्या, आणि त्यांची तोंडं भिंतीवर कुठे आणि कशी बसवायची.

या तारांची हद्द आधी सांगतो. दिव्या-पंख्याची वीज २३० व्होल्टची असते आणि ती जीव घेऊ शकते. आपल्या विषयातल्या तारा साधारण ५० व्होल्टच्या आतबाहेर राहतात. टेलिफोनच्या जोडीत एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट येतात, घंटी वाजताना ७५ व्होल्टच्या आसपास चढतात आणि ओल्या हाताला झिणझिण्या देतात. नेटवर्कच्या तारेतूनच कॅमेऱ्याला वीज पुरवली तर तीही ५७ व्होल्टच्या वर जात नाही. म्हणून हे काम घरचा माणूस शिकून करू शकतो. एका अटीवर : भिंतीला ड्रिल लावण्याआधी मेन स्विच बंद करायचा. बोर्डापासून सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत २३० व्होल्टची तार प्लास्टरखाली असणार हे धरूनच चालायचं. ज्याला तेवढाही धीर नाही, त्याने परवानाधारक वायरमन बोलवावा आणि शेजारी उभं राहून काम बघावं.

विषय शिकताना एक गोष्ट पहिल्यापासून ध्यानात ठेवावी असं मला वाटतं. तारेचं तोंड भिंतीवरच्या ज्या लहानशा पेटीत बसतं, तिथे तीन वेगवेगळी आयुष्यं एकत्र येतात. भिंत शंभर वर्षं टिकते, कधी दोनशे. तार पंधरा-वीस वर्षांत कालबाह्य होते. तिला जोडलेलं यंत्र पाच वर्षांत बदलतं. उज्जैनमध्ये ०७३४ या कोडच्या मागे लागणाऱ्या लँडलाइनची दोन तारांची जोडी, मग छतावरच्या अँटेनाची चपटी तार, मग केबलवाल्याची गोल तार, मग डिश, आता काचेचा तंतू : एकाच घराने एका पिढीत हे सगळं पाहिलं. दर वेळी कुणीतरी खिडकीच्या चौकटीला नवं भोक पाडलं आणि जुनी तार तशीच लोंबत ठेवली. म्हणून या शास्त्रात सर्वांत मोलाची वस्तू रिकामी नळी आहे. तारेचा प्रकार चुकला तर ती ओढून काढता येते. नळीच टाकली नसेल तर पुढच्या पिढीला पुन्हा भिंत फोडावी लागते.

हिशेब सोपा आहे. नेटवर्कची कॅट-६ तार सुमारे ६ मिलिमीटर जाडीची असते. २५ मिलिमीटरची पीव्हीसी नळी आतून २१-२२ मिलिमीटर भरते, आणि नळीचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग तारांनी व्यापू नये असा दंडक आहे. म्हणजे पाच तारा जेमतेम, चार सुखाने. मिस्त्री २० मिलिमीटरची नळी आणतो कारण ती स्वस्त असते आणि झिरीही लहान लागते. तिथे दोन तारांच्या वर जाऊ नये. वळणावर काटकोनी एल्बो लावलेला मला सहन होत नाही, कारण तार आपल्या जाडीच्या चौपटीहून कमी त्रिज्येत वळवायची नसते. लांब वळणाचा बेंड वापरावा आणि नळीत मजबूत दोरी घालून ठेवावी. पुढची तार तिलाच बांधून ओढायची असते.

आता उज्जैनच्या भिंतींविषयी, कारण इथेच विषयाला खरा रंग चढतो. राणोजी शिंद्यांनी उज्जैन राजधानी केली आणि त्यांच्या मागोमाग मराठी घराणी इथे स्थिरावली. महाकाळाचं आजचं मंदिर उभारणारे रामचंद्रबाबा सुखटणकर हे राणोजींचेच दिवाण. १८१० साली दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, तरी घरं राहिली, घरातली मराठी राहिली. सिंहपुरी, कार्तिक चौक या भागांत अजून जुन्या बांधणीची घरं दिसतात : मध्ये चौक, लाकडी खांब आणि तुळया, विटा-मातीच्या दोन-दोन फुटी भिंती, वर चुन्याचा गिलावा, जागोजाग कोनाडे. फ्रीगंजमध्ये त्यानंतरची, नऊ इंची विटांची घरं. आणि त्यापलीकडे नव्या वसाहतींमधले सिमेंटच्या सांगाड्याचे फ्लॅट, ज्यांच्या आतल्या भिंती जेमतेम साडेचार इंचांच्या.

या जुन्या घरांत एक पेच पडतो. दोन फुटी भिंतीतून वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झच्या लहरी पलीकडे जवळजवळ पोचतच नाहीत. ओसरीवर राउटर ठेवला तर माजघरात नेट मिळत नाही. म्हणजे घर जितकं जुनं, तितकी त्याला तारेची गरज जास्त. आणि तितकाच तिथे भिंत फोडण्याचा अधिकार कमी. ऑक्टोबर २०२२ मध्ये मंदिरालगतचा ‘महाकाल लोक’ परिसर खुला झाल्यापासून यात्रेकरूंसाठी खोल्या देणारी घरं वाढली, २०२८ चा सिंहस्थ समोर आहे, आणि प्रत्येक खोलीत नेट व दारावर कॅमेरा हवा असतो. घाईघाईत इलेक्ट्रिक कटर चालवून चुन्याच्या गिलाव्यात चर पाडले जातात आणि वर सिमेंट थापलं जातं. चुन्याची भिंत श्वास घेते. आतली ओल तिच्या पृष्ठभागावरून उडून जाते. सिमेंटची पट्टी ती वाट बंद करते. मग दोन पावसाळ्यांत त्या पट्टीच्या कडेने लोणा फुटतो, गिलावा सुटतो, आणि पेटीतला जॅक हिरवा पडतो. दोष तारेला दिला जातो. अशा भिंतीत चर पाडावाच लागला तर तो चुन्यानेच भरावा, याबाबत तडजोड करू नये.

पण बहुतेक वेळा चर पाडावाच लागत नाही. जुनं घर नीट न्याहाळणाऱ्याला वाट सापडते. तुळईच्या वरच्या अंगाने केसिंग-कॅपिंगची पांढरी पट्टी नेली आणि तिला भिंतीचाच रंग दिला, तर ती दिसत नाही. दाराच्या चौकटीमागे तारेपुरती फट असते. लाकडी जिन्याच्या पायऱ्यांखालून माडीवर जाता येतं. आणि कोनाडा ही तर भिंतीतली तयार पेटी : पणती ठेवायच्या त्या जागेत राउटर बसतो, त्याची उष्णता मोकळी होते, नेटवर्कचं तोंड मागच्या बाजूला पृष्ठभागावरच्या डब्यात लावता येतं, आणि एक वीटही हलत नाही. देवघराच्या कोनाड्याला मात्र हात लावू नये. पूर्वीच्या वायरमन मंडळींनी सागवानी बॅटनवर टिनच्या क्लिपा ठोकून उघडी वायरिंग केली, तिला आपण जुनाट म्हणतो. पण ती वायरिंग काढली की भिंतीत लाकडी गुटक्यांच्या जागाच तेवढ्या उरतात. जुन्या घराला तीच पद्धत शोभते.

फ्लॅटमध्ये प्रश्न उलटा. तिथे भिंत इतकी पातळ की शास्त्र आकड्यांवर येतं. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून आणि आडवी एक षष्ठांशाहून खोल नसावी, हा बांधकामाचा मान्य नियम. साडेचार इंची, म्हणजे ११५ मिलिमीटरच्या भिंतीत उभी झिरी ३८ मिलिमीटरपर्यंत चालते, आडवी फक्त १९. पंचवीसची नळी आडवी बसतच नाही. म्हणून तार जमिनीतून किंवा छताजवळून आडवी न्यावी आणि भिंतीत फक्त उभी उतरवावी. पेटी ५० मिलिमीटर खोल घ्यावी, कारण उथळ पेटीत जॅकमागे तार करकचून मुडपते. पण दोन खोल्यांच्या पेट्या पाठीला पाठ लावून बसवल्या तर भिंतीला आरपार खिडकीच पडते, आणि एका खोलीतलं बोलणं दुसरीत ऐकू येतं. एक वीत तरी सरकवावी. पेटी जमिनीपासून साधारण ३०० मिलिमीटरवर बसवावी. टीव्हीमागची मात्र टीव्हीच्या मापाने. आणि वीज व माहिती यांना एका पेटीत कधीही घालू नये. दोघांना वेगळी नळी, वेगळी पेटी. जिथे एकमेकांना ओलांडायचं तिथे काटकोनात.

हे एवढं का, ते समजायला तारेच्या आत शिरावं लागतं, आणि मला स्वतःला या विषयात सर्वांत प्रिय असलेला भाग तो हाच. कॅट-६ तारेत आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या, प्रत्येक जोडी पीळ घातलेली. टेलिफोनच्या तारा अशा पिळण्याचं पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८८१ साली घेतलं. शेजारून जाणारी वीज दोन्ही तारांत गडबड करते, पण पीळ असल्यामुळे ती गडबड दोघींत सारखीच होते. पलीकडचं यंत्र फक्त दोघींमधला फरक वाचतं, तेव्हा सारखी गडबड वजा होऊन जाते. चार जोड्यांचे पीळ मुद्दाम वेगवेगळ्या मापाचे ठेवलेले असतात, म्हणजे त्या एकमेकींतही बोलू नयेत. म्हणून जॅकमध्ये तारा बसवताना पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नाही. तारेवरचं आवरण सोलायचंही नाही. क्रोन टूल या दाबणीच्या हत्याराने दाबलं की जॅकमधलं पातं आवरण चिरून तांब्याला घट्ट धरतं आणि हवेला आत शिरायला जागा ठेवत नाही.

रंगांचा क्रम पाठ करावा लागतो : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी जोडी शिरलेली पाहून नवशिका बुचकळ्यात पडतो आणि ‘नीट’ लावायला जातो. कारण असं आहे, की टेलिफोनची ओळ नेहमी खाचेच्या मधल्या दोन पिनांवर यायची, आणि नेटवर्कच्या जॅकने तो मान राखला. चौथी-पाचवी पिन टेलिफोनची, तिच्या दोन्ही बाजूंना तिसरी-सहावी. आता कुणी जोड्या सरळ ओळीने लावल्या आणि दोन्ही टोकांना तशाच लावल्या, तर बाजारातला स्वस्त टेस्टर आठही दिवे हिरवे दाखवतो, कारण प्रत्येक तार बरोबर पोचलेली असते. पण तिसरी आणि सहावी पिन वेगवेगळ्या जोड्यांतल्या तारांवर गेली, पिळाचा उपयोग संपला, आणि नेट अडखळतं. गृहस्थ कंपनीला फोन करत राहतो. ‘तार जोडलेली आहे’ आणि ‘तार काम करते’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ज्याला इथे उमगलं, तो या शास्त्रात शिरला असं समजावं.

खरेदीत एकच इशारा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त मिळते. ब्लेडने खरवडली की आत पांढरी दिसते, आणि बंडल उचलताच हलकं लागतं. कॅमेऱ्याला तिच्यातून वीज पाठवली तर ती तापते आणि वाकवताना तुटते. भिंतीत गाडण्याच्या वस्तूत अशी काटकसर करू नये.

माळव्यात पावसाळा मेघगर्जनेसह येतो. वीज पडून होणाऱ्या मृत्यूंत मध्य प्रदेश देशातल्या वरच्या राज्यांत असतो. त्यामुळे एका इमारतीतून दुसरीत, किंवा चौक ओलांडून मागच्या घरात, तांब्याची नेटवर्क तार ताणू नये; जवळपास वीज पडली तर तीच तार झटका आत आणते. तिथे काचेचा तंतू न्यावा, तो वीज वाहत नाही. बाहेरच्या भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं ठेवावं आणि आत शिरण्याआधी तारेला खाली एक झोका द्यावा, म्हणजे पाणी तिथून गळून पडतं. काचेच्या तंतूची एक उणीवही सांगायला हवी. जुना टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरीवर चालायचा, घरची वीज गेली तरी बोलायचा. तंतूच्या टोकाचा डबा घरच्या विजेवर चालतो. म्हणून त्याच्या जागेशेजारी विजेचा पॉइंट आणि छोट्या यूपीएसला जागा आधीच योजून ठेवावी.

प्लास्टर होण्याआधी प्रत्येक भिंतीचा, फूटपट्टी धरून, फोटो काढावा. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना सारखा क्रमांक चिकटवावा, पेटीत वीतभर तार जास्त ठेवावी आणि घराचा एक साधा नकाशा काढून मीटरच्या कपाटात ठेवावा. वाचकाने हे पुस्तक वाचताना पेन्सिल जवळ ठेवून आपल्याच घराचा असा नकाशा प्रकरणागणिक भरत जावा, अशी माझी विनंती आहे. सुरुवात तारेपासून केलेली नाही. पहिलं प्रकरण नळीचं आहे.