घड्याळाला न दिसलेली वाट

१/ ५ फेब्रुवारी १९७६, इन्सब्रुक हिवाळी ऑलिंपिक. डाउनहिल शर्यतीत ऑस्ट्रियाच्या फ्रान्झ क्लामरने १ मिनिट ४५.७३ सेकंदांची वेळ नोंदवून बर्नहार्ड रूसीला ०.३३ सेकंदाने मागे टाकले. हा फरक नेमक्या कोणत्या वळणावर पडला? घड्याळाला टप्प्यांच्या वेळा ठाऊक असतात. त्यांमधली वाट नव्हे.

२/ हा प्रश्न केवळ पदकापुरता नाही. २९ जानेवारी १९९४ रोजी गार्मिशच्या डाउनहिल शर्यतीत सुपर-जी प्रकाराची दोनदा विश्वविजेती ठरलेली उलरिके मायर कोसळली आणि मृत्युमुखी पडली. धोका मोजायचा तर वेग, वळणाची त्रिज्या आणि शरीरावरील बल संपूर्ण उतारभर कळायला हवे. कॅमेऱ्याच्या अचूक मोजणीत मात्र मोजकीच वळणे मावत.

३/ उत्तर आले लष्कराकडून. अमेरिकेचा पहिला जीपीएस उपग्रह १९७८ साली सुटला. १९८३ मध्ये वाट चुकलेले कोरियन प्रवासी विमान सोव्हिएत संघाने पाडले, २६९ जण दगावले. त्यानंतर ही यंत्रणा नागरिकांना खुली करण्याचे अमेरिकेने जाहीर केले. तरी नागरी संकेत मुद्दाम ढोबळ ठेवला जाई. हे बंधन मे २००० मध्ये उठले.

४/ पण काही मीटरची चूक उरलीच, आणि इथे तर सेंटिमीटरचा हिशेब. म्हणून उताराजवळ ज्ञात स्थानी दुसरा ग्राहक ठेवून दोघांच्या नोंदींची तुलना करतात आणि सुमारे १९ सेंटिमीटर लांबीच्या वाहक लहरीची कला मोजतात. अँटेना शिरस्त्राणावर असतो. त्यावरून शरीराचा गुरुत्वमध्य गणिताने काढतात.

५/ २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पुरुषांच्या विश्वचषकाच्या उतारांवर अशी मोजणी झाली. आधीच्या नोंदींनुसार दर १००० फेऱ्यांमागे डाउनहिलमध्ये १७.२, सुपर-जीमध्ये ११.० आणि जायंट स्लॅलममध्ये ९.२ दुखापती होत. परंतु डाउनहिलची फेरी लांबही असते. दुखापती वेळेच्या प्रमाणात मांडताच तिन्ही प्रकार जवळजवळ सारखे ठरले!

६/ म्हणजे जायंट स्लॅलमचा कमी वेग सुरक्षिततेची हमी नव्हता. तिथे अरुंद वळणे शरीरावर सतत मोठे बल टाकतात. डाउनहिलमध्ये वेग, उड्या आणि थकवा घात करतात.

७/ इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे हेच: मोजण्याचे साधन बदलले आणि प्रश्नही बदलला. ‘कोण आधी पोहोचला?’ याच्या जोडीला ‘कोणत्या वळणाने काय सोसायला लावले?’ हेही विचारता येऊ लागले. हा प्रश्न खेळाडूइतकाच उतारावर गेट रोवणाऱ्यालाही लागू होतो.