पतिपत्नीवाचक शब्द आणि पत्नीविषयीच्या अपेक्षा

पत्नीकडून समाज काय अपेक्षितो हे धर्मशास्त्राच्या ग्रंथांतून जितके कळते, त्याहून अधिक ते पतिपत्नींच्या परस्परांविषयीच्या नित्य बोलण्यातून कळते. एकोणिसाव्या शतकातील पांढरपेशा मराठी पुरुष चारचौघांत आपल्या बायकोचा उल्लेख ‘कुटुंब’ किंवा ‘मंडळी’ असा करी. मोल्सवर्थच्या कोशात ‘कुटुंब’ ह्या शब्दाचा ‘पत्नी’ हा अर्थ वेगळा नोंदविलेला आहे. ‘कुटुंब आजारी आहे’ असे म्हटले, म्हणजे आजारी असलेली व्यक्ती एकच असे. परंतु तिचा निर्देश नपुंसकलिंगी समूहवाचक नामाने होई. संस्कृतातही ‘भार्या’ स्त्रीलिंगी, ‘कलत्र’ नपुंसकलिंगी आणि ‘दार’ हा शब्द तर पुल्लिंगी बहुवचनी आहे. व्याकरणातील लिंगावरून समाजस्थितीचे अनुमान काढणे धोक्याचे असते, हे खरेच. तथापि पत्नीचे नाव उच्चारण्याऐवजी संबंध घराचे नाव उच्चारावयाचे, ह्या रूढीतील अर्थ लिंगविचार बाजूस ठेवला तरी लपत नाही.

पत्नीच्या बाजूने तर पतीचे नाव घेणे निषिद्धच होते. त्याला मुभा फक्त उखाण्यात, आणि तीही मंगलप्रसंगी. एरवी ‘अहो’, ‘तिकडची स्वारी’, ‘अमक्याचे वडील’ अशा आडवळणांनी काम भागे. शेतकरी घरांत ‘कारभारी’ आणि ‘कारभारीण’ ही जोडी प्रचलित होती. येथे दोन्ही नामे एकाच धातूची असल्याने पत्नीचे श्रम निदान शब्दात तरी मान्य झालेले दिसतात. ‘मालक-मालकीण’ ही जोडी मात्र वरकरणी तशीच, पण फसवी आहे. पत्नी पतीला ‘मालक’ म्हणे. पती तिला ‘मालकीण’ म्हणत नसे, ते गडीमाणसांनी म्हणावयाचे.

ह्या पार्श्वभूमीवर दोन आत्मचरित्रे शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. रमाबाई रानडे ह्यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत न्यायमूर्तींचा उल्लेख ‘स्वतः’ असा येतो. पत्नीने शिकावे, इंग्रजी वाचावे, सभेत बोलावे, अशी नवी अपेक्षा पतीने बाळगली. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष पत्करून रमाबाईंनी ती पुरी केली. पण सर्वनाम जुनेच राहिले. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली निघाला. रेव्हरंड टिळक काही काळ नागपुरात बुटींच्या आश्रयाने राहिले होते, त्यामुळे ह्या संसाराचा एक अध्याय ह्या शहरातीलही आहे. लक्ष्मीबाई पतीला सरळ ‘टिळक’ म्हणतात. दोघी एकाच पिढीच्या, दोघींची लग्ने बालपणी झालेली. परंतु आडनावाने निर्देश होताच पतीचे गुणदोष दिसू लागतात, आणि त्यांवर हसताही येते.

येथपर्यंतची कथा सुशिक्षित, बहुतांशी ब्राह्मण घरांची आहे. पत्नीची भूमिका कशी बदलली हे सांगताना तीच संपूर्ण महाराष्ट्राची कथा म्हणून सांगितली जाते, ही मोठी चूक होय. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनी १८८२ सालीच ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक पुण्यात छापविले. पातिव्रत्य पत्नीकडून मागता, तर त्याच मापाने पतीला का मोजत नाही, असा त्यांचा रोकडा प्रश्न होता. शीर्षकातील ‘तुलना’ हा शब्दच बंडखोर आहे. तुलना करावयाची तर दोन्ही पारड्यांना तराजू एकच लागतो.

नागपुरात निराळीच परिस्थिती निर्माण झाली होती. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस गिरणी येथे सुरू झाली, आणि पुढे तेथे दलित वस्त्यांतील पुरुषांबरोबर स्त्रियाही कामास जाऊ लागल्या. त्यांतील राधाबाई कांबळे कामगार चळवळीत पुढे आल्या. १९२९ साली नेमलेल्या शाही मजूर आयोगापुढे साक्ष देण्यासाठी त्यांची निवड झाली. जाईबाई चौधरी ह्यांनी नागपूर-कामठी मार्गावर ओझी वाहिली आणि १९२२ साली मुलींसाठी चोखामेळा शाळा काढली. पत्नीने घराबाहेर पडून कमवावे, ही ‘आधुनिक’ अपेक्षा ह्या घरांत पूर्वीपासूनच गृहीत होती. सुशिक्षित घरांनी जिला प्रगती म्हटले, ती येथे पोटाची निकड होती.

म्हणूनच २० जुलै १९४२ रोजी नागपुरात भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषदेला ह्या इतिहासात विशेष स्थान द्यावे लागते. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. परिषदेने घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीकत्वाविरुद्ध कायदा मागितला, आणि त्याच दमात गिरण्यांतील व विडी कारखान्यांतील स्त्रियांसाठी वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा, एक महिन्याची हक्काची रजा आणि २० वर्षांच्या नोकरीनंतर किमान १५ रुपये मासिक निवृत्तिवेतन मागितले. विवाहाचा कायदा आणि गिरणीतली रजा ह्या दोन्ही गोष्टी एकाच ठरावपत्रिकेत येतात, हे त्या स्त्रियांच्या जीवनाचे यथार्थ चित्र आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे केलेल्या भाषणाचा आशय असा की, लग्न झालेल्या मुलीने पतीची मैत्रीण व त्याच्या बरोबरीची म्हणून उभे राहावे, दासी होण्याचे नाकारावे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा शब्द अपूर्व आहे. ‘पती’ आणि ‘पत्नी’ ही परस्परसापेक्ष पण असमान पदे. ‘सहधर्मचारिणी’त धर्म पतीचा, आणि ‘अर्धांगी’त अंग त्याचेच. मैत्रीचे नाते मात्र उलटे केले तरी तेच राहते. पत्नी मैत्रीण असेल, तर पतीला मित्र झाल्यावाचून गत्यंतर नाही. म्हणजे अपेक्षा बोलून दाखविली पत्नीजवळ, पण तिचे ओझे पडले पतीवर.

ठरावांपैकी घटस्फोट आणि एकपत्नीकत्व १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने देशभर लागू झाले. तत्पूर्वी हिंदू संहितेचे विधेयक रखडल्यामुळे आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले होते. भाषेतील बदल ह्याहून सावकाश झाला. शहरी दांपत्यांत आज पतीला नावाने आणि ‘अरे’ म्हणून हाक मारणे रूढ होत असले, तरी सासरच्या मंडळींसमोर तीच स्त्री ‘अहो’वर येते, हे कोणत्याही घरात ऐकावे. कागदोपत्री तर तिढा अधिकच स्पष्ट आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव वडिलांच्या नावाआधी लिहिणे महाराष्ट्र शासनाने अनिवार्य केले. त्याच निर्णयात विवाहित स्त्रीच्या बाबतीत तिचे नाव, पतीचे नाव आणि आडनाव ही पद्धत पूर्ववत् ठेवण्यात आली.