वटवट्यांचें गोत्र

बीड जिल्ह्यांत बालाघाटाच्या उतारावर, मार्गशीर्षाच्या दिवसांत, एकाद्या बाभळीखालीं घटकाभर उभें राहिलें म्हणजे वरून "चक्‌, चक्‌" असा बारीक आवाज कानीं येतो. वारा पडलेला असतो, तरी डहाळी हलते. मग पानांआड अंगठ्याएवढें, मातकट रंगाचें एक पांखरूं किडे टिपतांना क्षणभर दिसतें आणि नाहींसें होतें. ना त्याला तुरा, ना गळ्यांत कांहीं रंग. पाहणारा बहुधा चिमणी म्हणून सोडून देतो. परंतु हें पांखरूं मध्य आशियांतून हिंदुकुश ओलांडून येथें हिवाळ्यास आलेलें असतें, आणि त्याचें गोत्र कोणतें या एका प्रश्नानें पक्षिशास्त्रज्ञांस दोनशें वर्षें गुंतवून ठेविलें आहे.

अशा किडेखाऊ, गाणाऱ्या, चिमुकल्या पक्ष्यांना मराठींत 'वटवट्या' हें नांव रूढ आहे. त्यांच्या ओळखीचा शास्त्रीय इतिहास महाराष्ट्रापुरता पाहूं गेल्यास तो कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांच्यापासून सुरूं होतो. हा मुंबईच्या लष्करांतला अधिकारी. १८२४ मध्यें मुंबई सरकारनें त्याला दख्खनची आंकडेवार माहिती गोळा करण्याच्या कामीं नेमिलें. लोकसंख्या, पिकें, हवामान हें त्याचें नेमलेलें काम. पक्षी, मासे व जनावरें हा त्याचा स्वतःचा नाद. विलायतेस परत गेल्यावर १८३२ मध्यें त्यानें लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढें दख्खनच्या पक्ष्यांची यादी मांडली. तींत दोनशेंहून अधिक जाती होत्या, आणि तीन वटवट्ये शास्त्राला सर्वस्वीं नवे होते.

त्यांपैकी पहिला राखी वटवट्या. बागेंतल्या कुंपणावर शेपटी उभारून बसणारा आणि उडतांना पंखांचा "किट्‌ किट्‌" असा ठिणगीसारखा आवाज करणारा हा पक्षी शहरवासीयांसही परिचित आहे. दुसरा साधा वटवट्या. त्याला साइक्सनें 'इनॉर्नाटा', म्हणजे निरलंकार, असें यथार्थ नांव दिलें. तिसऱ्याला मात्र त्यानें लॅटिन विशेषण न लावतां 'रामा' म्हटलें. त्याच यादींत एका चंडोलास 'देवा' हें नांव आहे. युरोपांतल्या ग्रंथांत राम आणि देव अशा रीतीनें पक्ष्यांच्या रूपानें जाऊन बसले, ही मोठी मौजेची गोष्ट होय.

साइक्सचें दख्खन म्हणजे इंग्रजी मुलुखांतलें दख्खन. नगर जिल्ह्याच्या (आतांचा अहिल्यानगर) पूर्वेस सीना नदी कांहीं अंतर सरहद्द होऊन वाहते. तिच्या पलीकडे निजामाचें राज्य, आणि त्यांतच बीड. शंभर वर्षें बीडच्या पक्ष्यांची विचारपूस झाली नाहीं तिचें कारण ही रेघ. पक्ष्यांना जकातनाका ठाऊक नसतो, पण पक्षी पाहणाऱ्या अंमलदारांना तो चांगला ठाऊक असतो. निजामी मुलुखाची पद्धतशीर पाहणी १९३१-३२ मध्यें सलीम अली यांनीं हैदराबाद सरकारच्या साहाय्यानें केली. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत १९३३-३४ सालीं ती क्रमशः प्रसिद्ध झाली. तिला ह्यू व्हिस्लर यांनीं शास्त्रीय टिपणें जोडलीं.

आतां गोत्राचा प्रश्न. लिनीयसनें १७५८ मध्यें या चिमण्या जिवांपैकीं बहुतेकांना 'मोटासिला' या एका गणांत कोंबलें होतें. मोटासिला म्हणजे नदीकांठीं शेपटी आपटीत चालणारा परीट पक्षी. आपला पानें शिवून घरटें करणारा शिंपी १७६९ मध्यें पेनंटनें वर्णिला तोही 'मोटासिला सूटोरिया' म्हणून. म्हणजे शिंप्याची नोंद परटाच्या कुळांत झाली! पुढें हॉर्सफील्डनें १८२१ मध्यें जावा बेटांतील पक्ष्यांवरून शिंप्याला निराळा गण दिला आणि तेथील लोकांच्या बोलींतला शब्द उचलून 'प्रिनिया' हा वटवट्यांचा गण स्थापिला.

एकोणिसाव्या शतकांतील पंडितांपुढें कातडीं सुकवून ठेवलेले पक्षी असत. त्यांत आवाज नाहीं, घरटें नाहीं, चालचलणूक नाहीं. तेव्हां मोजायचें तें पिसांचें. शेपटींत पिसें दहा कीं बारा, एवढ्यावर गण बदलत. प्रिनियाचीं दहा; ज्यांचीं बारा भरलीं त्यांना 'फ्रँकलिनिया' असा वेगळा संसार थाटून दिला. साध्या वटवट्याची शेपटी हिवाळ्यांत लांब आणि उन्हाळ्यांत आंखूड असते. त्यामुळें एकाच पक्ष्याचे दोन वेष दोन जाती म्हणून कांहीं काळ नांदले. १८८९ मध्यें ओट्स यानें ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीच्या ग्रंथांत पिलांच्या पिसांना महत्त्व दिलें. कस्तुर आणि माशीमार यांचीं पिलें ठिपकेदार, वटवट्यांचीं बिनठिपक्यांचीं. ही कसोटी चांगली होती, पण तिनें केवळ वगळतां येत होतें. जें ठिपकेदार नाहीं, जाड चोचीचें नाहीं, तें सारें 'सिल्व्हिइडी' कुलांत. घरांत अडगळीची खोली असते तसें हें कूल वाढत गेलें.

याच्या पुष्कळ आधीं इंग्लंडांतील गिल्बर्ट व्हाइट या पाद्र्यानें एक वेगळी वाट दाखविली होती. दिसण्यांत जवळजवळ सारखे असे तीन पर्णवटवट्ये त्यानें मुख्यतः गाण्यावरून वेगळे ओळखले. संग्रहालयांतील मंडळींनीं कानाचा हा पुरावा फारसा मानला नाहीं. पर्णवटवट्यांवर टाइसहर्स्ट यांचा मोठा ग्रंथ १९३८ मध्यें निघाला; तिबेटच्या पठाराभोंवतीं वर्तुळाकार पसरलेल्या हिरवट पर्णवटवट्याच्या उपजाती एकींतून दुसरींत कशा मिसळत जातात, हें त्यांत दाखविलेलें आहे. हाच पक्षी हिवाळ्यांत महाराष्ट्राच्या आमराईंत येतो. वर्तुळाचीं दोन टोकें सैबेरियांत एकमेकांस भेटतात, तेव्हां तेथील पक्षी सहसा परस्परांशीं जोडी जमवीत नाहींत. जात म्हणजे काय, या प्रश्नाला याहून अवघड उदाहरण क्वचितच सांपडेल.

खरी उलथापालथ पेशींतील आनुवंशिक द्रव्य वाचतां येऊं लागल्यावर झाली. २००६ मध्यें पेर आल्स्ट्रोम आणि त्यांचे सहकारी यांनीं या साऱ्या समूहाची नव्यानें वंशावळ मांडली आणि अडगळीची खोली रिकामी झाली. पर्णवटवट्यांचें कूल निराळें, बोरूच्या बेटांत राहणाऱ्यांचें निराळें, प्रिनिया व शिंपी यांचें तिसरेंच. बुलबुल, चंडोल आणि भिंगरी हे तर यांचे भाऊबंद निघाले. ज्या 'सिल्व्हिया' गणावरून जुन्या कुलास नांव पडलें, त्याचें नातें वटवट्यांपेक्षां अंगणांत कलकलाट करणाऱ्या सातभाईंशीं अधिक जवळचें ठरलें. बाभळीवर येणारा शुभ्रकंठी आणि त्याच झाडाखालीं पाचोळा उकरणारा सातभाई यांना पाहून हें कुणास सुचलें नसतें. बारीक चोच व मंद रंग हीं नात्याचीं चिन्हें नव्हेत; पानांतले किडे वेंचण्याचा धंदा एक, म्हणून रूप एक.

साइक्सच्या रामाचें काय झालें, हें सांगावयाचें राहिलें. विसाव्या शतकाचा बराचसा काळ हा पक्षी स्वतंत्र मानला जात नव्हता. रशिया व कझाकस्तानच्या गवताळ मैदानांत वीण करणाऱ्या दुसऱ्या एका वटवट्याची तो उपजात ठरविला गेला होता. चोच किंचित्‌ लांब, शेपटी लांब, रंग अधिक फिकट, एवढाच भेद, असें मत होतें. पुढें गाणें, विणीची जागा आणि आनुवंशिक पुरावा एकत्र पाहिल्यावर एकविसाव्या शतकाच्या आरंभीं त्याला पुन्हां स्वतंत्र जातीचा मान मिळाला. २००९ नंतर त्याचा गणही बदलून 'इडुना' झाला. सिल्व्हिया गेलें, हिप्पोलाइस गेलें. 'रामा' मात्र १८३२ पासून तसेंच राहिलें, कारण पहिल्यानें दिलेलें जातिनाम जपावें असा शास्त्राचा दंडक आहे.

हा केवळ शब्दांचा खेळ आहे असें वाटण्याचा संभव आहे. परंतु जी जात वहींत नाहीं तिची गणती होत नाहीं, आणि जिची गणती नाहीं ती कमी झाली तरी कळत नाहीं. बीडमध्यें पाटोदा तालुक्यांत नायगांव येथें १९९४ मध्यें अभयारण्य झालें तें मोरासाठीं. मोर दुरून दिसतो. त्याच माळावरच्या बोरी-बाभळी तोडल्या गेल्या, तर मध्य आशियांतून आलेला सात-आठ ग्रॅम वजनाचा पाहुणा कोणत्या झाडावर उतरला असता, हें विचारणारा कोणी तरी तेथें असावा लागतो. आणि त्यानें त्याला चिमणी म्हणून सोडून दिलेलें नसावें लागतें.