बरणीतली नाणी आणि पेशवाईचा इजारा

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला अर्थशास्त्राचा एक इलेक्टिव्ह होता. बहुतेकांनी तो सोपा असेल म्हणून घेतलेला. पहिल्याच तासाला सर लोणच्याची काचेची बरणी घेऊन आले. आत नाणी भरलेली. म्हणाले, "ही विकायची आहे. लांबून बघा, हात लावू नका. चिठ्ठीवर आपापली बोली लिहा. सगळ्यात मोठी बोली ज्याची, बरणी त्याची."

मी ६४० लिहिले आणि जिंकले. टाळ्या पडल्या. मग सरांनी मलाच नाणी मोजायला लावली. भरली ४१२ रुपये. सगळ्या बोलींची सरासरी काढली तर ती ३७० च्या आसपास, म्हणजे खऱ्या रकमेपेक्षा कमी. अख्ख्या वर्गाचा अंदाज तसा सावध होता. तोट्यात गेले ती मी एकटी.

हा खेळ सरांचा नव्हता. मॅक्स बेझरमन आणि विल्यम सॅम्युएलसन या दोघांनी १९८३ मध्ये त्यावर निबंध छापला होता. बोस्टनमधल्या एमबीएच्या वर्गांत त्यांनी ८ डॉलर किमतीच्या वस्तू भरलेल्या बरण्यांचे लिलाव केले. विद्यार्थ्यांचा सरासरी अंदाज आला ५.१३ डॉलर. जिंकणाऱ्या बोलींची सरासरी मात्र १०.०१ डॉलर. कारण साधं आहे. किंमत नक्की कुणालाच माहीत नसते, प्रत्येक जण अंदाज बांधतो. काहींचा कमी पडतो, काहींचा जास्त. आणि लिलाव नेमका त्यालाच निवडतो, ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त चुकलाय.

याला 'विजेत्याचा शाप' म्हणतात. तो पहिल्यांदा नीट मांडला तो तेल कंपनीत काम करणाऱ्या इंजिनिअरांनी. केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल हे तिघे अटलांटिक रिचफील्ड कंपनीत होते. मेक्सिकोच्या आखातात समुद्राखालचे तेलाचे पट्टे लिलावात घेणाऱ्या कंपन्यांना अपेक्षेएवढा नफा होत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. १९७१ मध्ये त्यांनी लिहिलं की बोली आपल्या अंदाजाच्या बरीच खाली ठेवा, आणि स्पर्धक जितके जास्त तितकी आणखी खाली ठेवा. आपल्याला उलटं वाटतं. गर्दी वाढली की आपण हात आणखी वर करतो.

पुढच्या आठवड्यात दुसरा खेळ. या वेळी प्रत्येकाला सरांनी एकेक आकडा लिहिलेली चिठ्ठी दिली. ती वस्तू तुमच्यासाठी एवढ्याची आहे, असं समजायचं. बोली बंद पाकिटात. जिंकणार मोठी बोलीवालाच, पण पैसे द्यायचे दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीएवढे. पहिल्या फेरीत सगळ्यांनी हुशारी केली. कुणी आकडा फुगवला, कुणी दाबला. चार-पाच फेऱ्यांनंतर वर्ग आपोआप शांत झाला. चिठ्ठीवरचा आकडा जसाच्या तसा लिहिणं हीच सगळ्यात चांगली चाल होती. कमी लिहिलं तर हातची वस्तू जाते, जास्त लिहिलं तर परवडणार नाही अशा किमतीला गळ्यात पडते.

हे गणित मांडलं विल्यम विकरी यांनी, १९६१ मध्ये. नोबेल मिळायला १९९६ साल उजाडलं, आणि घोषणेनंतर तीनच दिवसांत ते गेले. पण त्यांच्याही आधी, १७९७ मध्ये, जर्मन कवी ग्यॉटे याने साधारण हीच युक्ती केली होती. 'हेर्मान उंड डोरोथिआ' हे काव्य विकताना त्याने आपली किंमत एका पाकिटात बंद करून मध्यस्थाकडे ठेवली. प्रकाशक फिवेग याने आपला आकडा सांगायचा. तो पाकिटातल्या आकड्यापेक्षा कमी असेल तर व्यवहार मोडला. जास्त असेल तर ग्यॉटे पाकिटातल्यापेक्षा एक पैसा जास्त घेणार नाही. म्हणजे प्रकाशकाला खरं बोलण्यात काहीच तोटा नाही. आपल्या लेखनाची बाजारात खरी किंमत काय, हे ग्यॉटेला कळून घ्यायचं होतं. पाकिटात १००० थालर होते. फिवेगनेही बरोबर १००० च सांगितले, कारण मध्यस्थाने आकडा फोडला होता.

नियम बरोबर असले तरी परिस्थिती चुकीची असेल तर काय होतं, हे १९९० मध्ये न्यूझीलंडला कळलं. तिथल्या सरकारने रेडिओलहरींचे परवाने विकरींच्या पद्धतीने विकले. एका कंपनीने १,००,००० डॉलरची बोली लावली आणि दुसरी बोली ६ डॉलरची होती म्हणून ६ डॉलर भरले. स्पर्धकच कमी होते आणि किमान किंमत ठेवलेली नव्हती. आज तुम्ही फोनवर एखादं पान उघडता तेव्हा जाहिरातीच्या जागेचा लिलाव डोळ्याची पापणी लवायच्या आत होऊन जातो. त्याचे नियम लिहिणाऱ्यांच्या डोक्यात हे सगळे जुने घोटाळे असतात.

सेमिस्टरच्या शेवटी मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, बरणी जिंकणाऱ्याने तोटा स्वतः भरलाच नाही तर? दुसऱ्याच्या गळ्यात मारला तर?" सर म्हणाले, "मग तुला दुसरा बाजीराव वाचायला पाहिजे."

मी वाचलं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात (१७९६ ते १८१८) जिल्ह्याचा महसूल गोळा करण्याचं काम इजाऱ्याने जाऊ लागलं. म्हणजे लिलाव. जो जास्त रक्कम कबूल करेल, त्याला मामलत. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात याचं वर्णन केलंय. पूर्वी अनुभवी, भरवशाच्या माणसाला मिळणारं मामलेदाराचं पद आता पेशव्याच्या भोवतीच्या मंडळींत बोली लावून विकलं जाई. चढी बोली लावायला त्यांना उत्तेजन मिळे, आणि कुणी मागे सरला तर त्याच्यावर मर्जी खप्पा होई. एल्फिन्स्टन जिंकलेल्या बाजूचा माणूस. हरलेल्या राजवटीबद्दल तो वाईट लिहिणार, हे धरूनच वाचायला हवं. तरी यंत्रणेची जी रचना त्याने सांगितलीय, ती बरणीच्या खेळाला तंतोतंत लागू पडते.

मामलेदाराने अंदाजापेक्षा जास्त बोली लावलेली. पुढच्या वर्षी दुसरा कुणी आणखी चढी बोली लावून मामलत नेऊ शकतो. मग त्याने जमीन सुधारावी कशाला, पीक बघून सूट द्यावी कशाला? तो आपला भाग वाढीव रकमेला पोटइजारदारांना देई. ते आणखी वाढवून खाली देत. असं करत करत इजारा पाटलापर्यंत येई. पाटलाने नाही म्हटलं तर गाव परक्या माणसाच्या हाती जाई. प्रत्येक पायरीवर बोली जिंकणारा वेगळा, पण शेवटी पैसे भरणारा एकच. आणि त्या रयतेने कधी बोलीच लावली नव्हती.

तेल कंपनीचा तोटा तेल कंपनी सोसते. तिथे शाप विजेत्याला लागतो. इजाऱ्यात विजेता तो पुढे ढकलतो. इंग्रजांनी जिंकलेल्या मुलखात इजारा बंद करायचं ठरवलं, याचं हेच कारण त्यांनी दिलं.

त्या सुट्टीत घरी गेल्यावर मी आईला बरणीचा किस्सा सांगितला. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "म्हणजे गेल्या वर्षी मीपण जिंकलेच की गं."

तिची बोलीची भिशी होती. वीस बायका, महिन्याला पाच-पाच हजार, एकूण एक लाख. जिला पैसे हवेत तिने किती सोडणार ते सांगायचं. जी सगळ्यात जास्त सोडेल, तिने त्या महिन्याची भिशी उचलायची. सोडलेली रक्कम सगळ्यांत वाटली जाते. आईने २२,००० सोडले आणि ७८,००० घरी आणले. माझी फी भरायची होती.

मी हिशेब केला. इतर बायकांच्या वाट्याला प्रत्येकी ११०० रुपये आले होते. आईचा अंदाज चुकला नव्हता. लाखाचे लाख असतात, हे वीसही जणींना माहीत होतं. बरणीच्या खेळात लिलाव सगळ्यात चुकलेल्या माणसाला शोधतो. भिशीत तो सगळ्यात अडलेल्या माणसाला शोधतो. वर्गात आम्ही हा तिसरा प्रकार खेळलोच नाही, कारण तो खेळायला कुणालातरी खरंच गरज असावी लागते.

"जास्त सोडलेस," मी म्हटलं.

"माहितेय," ती म्हणाली. "पण फी भरायची शेवटची तारीख होती. आणि त्या मालूकाकूंनी वीस हजारांपर्यंत ओढलं होतं. तिच्या नवऱ्याचं ऑपरेशन होतं."

त्यांनी मग पैसे कुठून आणले, हे मी विचारलं नाही. आता कुठलाही लिलाव बघताना, आयपीएलचा असो की स्पेक्ट्रमचा, मी आधी दोन गोष्टी शोधते. जिंकणाऱ्याचं चुकलं असेल तर भरणार कोण. आणि हरलेला माणूस घरी कशाला गेला.